नमुना नसताना हात काय जाणतो? क्रोशाच्या फुलापानांविषयी

तत्त्वज्ञानाच्या व्यासपीठावर क्रोशाची सुई कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी कोणाच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला तासभर लागेल, पण मुद्दा आम्ही आधीच सांगून ठेवतो. क्रोशाच्या विणकामात एक साधी तांत्रिक गोष्ट आहे. टाका पूर्ण झाला की सुईवर एकच जिवंत फास उरतो. या एका गोष्टीमुळे नमुन्याशिवाय फुलं-पानं विणता येतात. हेच काम कारखान्यातल्या यंत्राला जमत नाही, तेही याच गोष्टीमुळे. आणि म्हणून बाजारात क्रोशाचं जे फूल दिसतं, त्याच्यामागे कोणाचे तरी दोन हात असतात. त्या हातांपाशी कोणत्या प्रकारचं ज्ञान आहे आणि त्याची आपण काय किंमत करतो, हे आजचे दोन प्रश्न. पहिला ज्ञानाचा, दुसरा न्यायाचा. दोन्ही तत्त्वज्ञानाच्या अंगणातलेच.

क्रोशा आपल्या घरांत नवा नाही. दुधाच्या भांड्यावरचा मणी लावलेला रुमाल, टीव्ही जाड होते तेव्हा त्यांच्या डोक्यावर पसरलेला चौकोन, बाळाची कुंची, परकराची लेस. शब्द फ्रेंच आहे. क्रोशे म्हणजे छोटा आकडा. सुईच्या टोकाला असतो तो. पण वस्तू आपण आपल्या करून घेतल्या. दारावरचं क्रोशाचं तोरण बघा. त्यात आंब्याची पानं असतात, झेंडूची फुलं असतात. ताजं तोरण दोन दिवसांत माना टाकतं, म्हणून कोणाच्या तरी हातांनी ते दोऱ्यात आणलं. फूल आणि पान हे या कलेचे फार जुने सोबती आहेत, आणि आज आपण त्यांच्याकडेच बघणार आहोत.

आता हातात सुई आहे असं समजू. सरकगाठ घातली, फासातून दोरा ओढला, नवा फास तयार. पुन्हा ओढला, पुन्हा नवा. ही झाली साखळी. साखळीच्या एखाद्या घरात सुई घालून दोरा वर आणला आणि सुईवरचे दोन्ही फास एकदम सोडवले की मुका खांब. सुईला आधी एक वेढा देऊन हेच केलं की खांब, तो उंच होतो. दोन वेढे दिले की लांब खांब, तो आणखी उंच. मुका आणि पुरा यांच्या मधला तो अर्धा खांब. घरोघरी नावं थोडी बदलतात. इंग्रजी पुस्तकांत तर अमेरिकेत ज्याला डबल क्रोशे म्हणतात त्याला ब्रिटनमध्ये ट्रेबल म्हणतात, त्यामुळे भलेभले फसतात. आपल्या ‘खांब’ या शब्दात उंची दिसते, आणि आपल्याला उंचीच हवी आहे.

कारण पान तयार होतं ते उंचीतून. पंधराएक साखळ्या घाला. ही पानाची मधली शीर. आता तिच्या एका बाजूने विणत जा. सुरुवातीला मुका खांब, मग अर्धा, मग खांब, मध्यावर दोन-तीन लांब खांब, मग पुन्हा खांब, अर्धा, मुका. टोकाशी एक-दोन साखळ्या घालून वळा आणि दुसऱ्या बाजूने तसेच परत या. हातात पान आहे. कुठे कात्री लागली नाही, कुठे शिवण नाही. टाके चढले आणि उतरले, त्याचीच कड झाली. पानाची कड कातरलेली हवी असेल तर दुसरी युक्ती आहे. मुक्या खांबांच्या ओळी शिरेच्या दोन्ही बाजूंनी फिरवत न्यायच्या, पण प्रत्येक ओळ पूर्ण न करता दोन-तीन टाके आधीच वळायचं. कडेला पायरी पडते. अशा पायऱ्या पडत गेल्या की गुलाबाच्या पानासारखी दातेरी कड मिळते.

फुलाचं तर्कशास्त्र वेगळं. मधोमध एक छोटं कडं. त्याच्या भोवती साखळ्यांच्या सहा कमानी. प्रत्येक कमानीत मुका, अर्धा, चार-पाच खांब, अर्धा, मुका, अशी एक पाकळी. सहा पाकळ्या झाल्या की पुढच्या फेरीत फुलाच्या पाठीमागून नव्या, थोड्या मोठ्या कमानी घालायच्या आणि त्यांत मोठ्या पाकळ्या विणायच्या. मग तिसरा थर. पुढची पाकळी मागच्या पाकळीच्या अंगावर टेकते आणि गुलाब उठून दिसतो. हा थरांचा गुलाब आयर्लंडच्या क्रोशे लेसची ओळख बनला. त्याच लेसमध्ये जाड दोरा टाक्यांच्या पोटात ठेवून त्याच्यावरून विणण्याची पद्धत आहे. त्यामुळे पाकळीची कड ताठ राहते आणि फुलाला उठाव येतो. आयर्लंडकडे आपण थोड्या वेळाने पुन्हा येऊ.

आता थोडं गणित. घाबरू नका, शाळेतलंच आहे. सपाट गोल विणायचा असेल तर मुक्या खांबांच्या पहिल्या फेरीत ६ टाके, दुसऱ्या फेरीत १२, तिसऱ्या फेरीत १८. म्हणजे दर फेरीला सहा वाढवायचे. सहाच का? वर्तुळाची त्रिज्या एक एकक वाढली की परीघ दोन पाय, म्हणजे साधारण ६.२८ एककं वाढतो. मुका खांब जितका उंच तितकाच साधारण रुंद असतो. म्हणून एका टाक्याएवढी त्रिज्या वाढली की सहा टाक्यांची भर लागते. पुरा खांब साधारण दुप्पट उंच, म्हणून त्याला बारा. ज्यांनी π हे अक्षर कधी पाहिलं नसेल अशा कितीतरी आज्यांच्या बोटांना हे प्रमाण ठाऊक होतं. सहापेक्षा कमी वाढवलं तर वीण वाटीसारखी वर उचलली जाते, टोपी होते. जास्त वाढवलं तर कडेला जागा पुरत नाही आणि झालर पडते.

ही झालर फार महत्त्वाची आहे. समजा आपण सहा टाक्यांपासून निघालो आणि दर फेरीला टाके दुप्पट केले. ६, १२, २४, ४८, ९६, १९२. सहाव्या फेरीला सपाट गोलाला ३६ टाके पुरतात, आपल्याकडे १९२ आहेत. ते बिचारे जाणार कुठे? वर-खाली लाटा करत एकमेकांवर चढणार. आपल्या बागेतला कोंबडा नावाचा फुलाचा तुरा आठवा, लेट्यूसचं पान आठवा. निसर्ग हेच करतो. मधल्यापेक्षा कड जास्त वाढू देतो. गणितात अशा पृष्ठाला अतिपरवलयी म्हणतात. बोल्यॉय आणि लोबाचेव्हस्की यांनी १९व्या शतकाच्या पूर्वार्धात या भूमितीचा पाया घातला, पण ती हातात घेऊन बघायची सोय नव्हती. कागदाची प्रतिकृती केली तर ती नाजूक, सहज फाटणारी. लाटव्हियात वाढलेल्या आणि अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या डायना टायमिन्या यांनी १९९७ साली क्रोशाची सुई घेतली आणि ठरावीक प्रमाणात टाके वाढवत हे पृष्ठ विणलं. विद्यार्थी ते दुमडून, ताणून बघू लागले. पुढे मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी २००५ मध्ये याच तंत्रावर क्रोशाचा प्रवाळ उभा करण्याचा प्रकल्प सुरू केला आणि देशोदेशींच्या माणसांनी त्यात आपापले तुकडे विणून घातले. तिथे मजा अशी झाली की विणणाऱ्यांनी टाके वाढवण्याचं प्रमाण मध्येच बदललं, अनियमित केलं, आणि प्रवाळ जास्त जिवंत दिसू लागला. नेमका नियम थोडा सैल केला तेव्हा निसर्ग जवळ आला, ही गोष्ट आपण लक्षात ठेवू.

आता आमच्या घरच्या विषयाकडे येतो. न्याय-वैशेषिक दर्शनात कार्यकारणभाव शिकवताना एक उदाहरण हजार वेळा येतं. तंतू आणि पट, म्हणजे दोरे आणि कापड. दोरे हे कापडाचं समवायी कारण, दोऱ्यांचा संयोग हे असमवायी कारण, आणि विणकर, मागाची साधनं वगैरे निमित्त कारण. नैयायिक म्हणतो, कापड ही दोऱ्यांहून वेगळी, नवी वस्तू आहे. अवयवांहून अवयवी निराळा. बौद्ध म्हणतो, दोऱ्यांपलीकडे कापड नावाचं काही नाही. हा वाद शतकानुशतकं चालला. पण उदाहरण मागावरच्या कापडाचं आहे. तिथे दोरे अनेक असतात, उभे आणि आडवे. क्रोशाच्या फुलात दोरा एकच! मग संयोग कोणाचा कोणाशी? त्याच दोऱ्याच्या एका भागाचा दुसऱ्या भागाशी. आणि शेवटचा फास मोकळा करून टोक ओढलं की फूल टाक्याटाक्याने उसवतं, हातात तोच दोरा राहतो, त्याच लांबीचा. दोऱ्याचं काही कमी झालं नाही, पण फूल मात्र गेलं. मग जे गेलं ते काय होतं?

आम्ही इथे वाद मिटवायला बसलेलो नाही. आपल्याला हवं ते निरीक्षण इतकंच, की फूल दोऱ्यात साठवलेलं नव्हतं. ते दोऱ्याच्या वळणांच्या क्रमात होतं, आणि तो क्रम एका वेळी एक टाका घालत कोणीतरी ठरवला. म्हणजे क्रोशाचं फूल ही निर्णयांची माळ आहे. दर टाक्याला प्रश्न येतो. आता सुई कुठे घालू?

या प्रश्नाला क्रोशात फार मोकळं उत्तर आहे, आणि इथेच तो एक जिवंत फास कामाला येतो. दोन सुयांवरच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर जिवंत असते. पन्नास टाक्यांचा स्वेटर असेल तर पन्नास फास एकाच वेळी सांभाळायचे; एक सुटला की गळती लागते. म्हणून ते काम ओळीने चालतं, शिस्तीत. आणि ओळीने चालतं म्हणूनच त्याचं यंत्र लवकर झालं. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ साली मोजे विणण्याचं यंत्र केलं. प्रत्येक फासाला आपली एक सुई, सगळ्या सुया ओळीत उभ्या. क्रोशात मात्र एकच फास जिवंत, बाकी सगळी वीण पक्की झालेली. त्यामुळे सुई पुढच्या घरात घालता येते, मागच्या ओळीत घालता येते, फुलाच्या पाठीमागे, पानाच्या देठात, कुठेही. काम उलटं करा, आडवं करा, मध्येच दुसऱ्या दिशेला निघा. यंत्राला हे अवघड जातं, कारण दर टाक्याला सुईची जागा, कोन आणि दोऱ्याचा ताण नव्याने ठरवावा लागतो. ‘क्रोशे मशीन’ या नावाची यंत्रं उद्योगात आहेत, पण ती क्रोशासारखी दिसणारी वेगळी वीण काढतात. प्रयोगशाळांत साधे तुकडे विणणारी यंत्रं करून पाहिली गेली आहेत. दुकानात येणारा खरा क्रोशा मात्र अजून हातांचाच असतो. त्या इंग्रज यंत्राला चार शतकं उलटून गेली तरी.

मग मुक्त विणकाम, ज्याला फ्रीफॉर्म क्रोशे म्हणतात, ते काय आहे? ब्रिटनमध्ये सिल्व्हिया कॉश आणि जेम्स वॉल्टर्स यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या पद्धतीचा पुष्कळ प्रसार केला. छापील नमुना न घेता छोटे छोटे तुकडे विणायचे आणि त्यांतून मोठी वस्तू वाढवायची. अशा तुकड्याला ते स्क्रंबल म्हणत. एक गुलाब विणला. तो जरा मोठा झाला, उजवीकडे झुकला. डावीकडे जागा मोकळी दिसते, तिथे पान हवं. पान घातलं तर त्याचं टोक कपड्याच्या कडेबाहेर जातंय; मग ते वळवू, वळवण्यासाठी एका बाजूला लांब खांब आणि दुसऱ्या बाजूला मुके. आता पान आणि फुलाच्या मध्ये एक तिकोनी पोकळी राहिली. ती भरायची की जाळी करून मोकळी ठेवायची? दर पावलाला झालेलं काम पुढचा प्रश्न विचारतं.

आर. जी. कॉलिंगवूड या तत्त्ववेत्त्याने १९३८ साली ‘द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट’ या ग्रंथात कारागिरी आणि कला यांत एक भेद केला. त्याचं म्हणणं असं, की कारागिराला काय करायचं आहे ते आधीच ठाऊक असतं. आधी आराखडा, मग अंमलबजावणी. कलेत असा आराखडा आधी असावाच लागतो असं नाही. हा भेद उपयोगी आहे, पण आपला गुलाब त्यात नीट बसत नाही. मुक्त विणकाम करणाऱ्या बाईला शेवटी काय होणार हे ठाऊक नसतं. तरीही तिचं प्रत्येक पाऊल कारागिराच्या काटेकोरपणाने पडतं. ताण चुकला तर वीण आकसते, टाके चुकले तर झालर पडते. आराखडा नाही, पण अचूकता आहे. यावरून आपण असं म्हणू शकतो, की कारागिरीचं सार आराखड्यात नाही. ते साधनावर आणि द्रव्यावर असलेल्या पकडीत आहे, आणि ती पकड आराखड्याशिवायही काम करते.

इथे कान्टची मदत होते. १७९० साली आलेल्या ‘क्रिटीक ऑफ जजमेंट’मध्ये तो निर्णयशक्तीचे दोन प्रकार सांगतो. कधी नियम आधी दिलेला असतो आणि समोरची गोष्ट त्यात बसते का ते पाहायचं असतं. कधी समोरची गोष्टच दिलेली असते आणि तिला लागू पडेल असा नियम आपल्याला शोधायचा असतो. छापील नमुन्यावरून विणणं पहिल्या प्रकाराच्या जवळ जातं. मुक्त विणणं दुसऱ्या प्रकाराच्या. आणि गंमत अशी, की याच ग्रंथात मुक्त सौंदर्याची उदाहरणं देताना कान्ट फुलांचं नाव घेतो, आणि कशाचाही अर्थ न सांगणारी, नुसती शोभा देणारी महिरपीतली पानं-वेली सुद्धा घेतो. त्यांना काही सिद्ध करायचं नसतं, काही उपयोग दाखवायचा नसतो, तरी त्यांच्यात सगळं जुळून आल्यासारखं वाटतं. क्रोशाचं पान या पानांचंच भावंड आहे. पण एक लक्षात घेऊ. बघणाऱ्याला ते जुळलेलं आयतं मिळतं. विणणाऱ्या हाताला ते टाक्याटाक्याने जुळवावं लागतं.

आणि चुकलं तर? उसवायचं. हे वाक्य किती सोपं आहे बघा. संगमरवरावर छिन्नी चुकली तर दगड गेला, लाकूड कापलं गेलं की गेलं. क्रोशात शेवटचे दहा टाके ओढून काढले की दोरा पुन्हा तयार. म्हणून इथे करून बघण्याची हिंमत स्वस्त मिळते. विचारांतही असंच असायला हवं, पण तिथे आपण उसवायला फारसे तयार नसतो. असो.

आतापर्यंत आपण स्वातंत्र्याचं कौतुक केलं. आता ते स्वातंत्र्य कोणत्या परिस्थितीत वापरलं गेलं तेही पाहू.

आयर्लंडमध्ये १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. गरिबांचं मुख्य अन्नच ते. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि रोगराईने गेली, आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. या काळात क्रोशे हे पोट भरण्याचं साधन बनलं. कॉर्कजवळच्या अर्सुलिन जोगिणींच्या मठात ते शिकवलं जाई. मॉनहन परगण्यातल्या क्लोनिस गावी तिथल्या धर्मगुरूंच्या पत्नी कॅसँड्रा हँड यांनी १८४७च्या सुमारास हा उद्योग सुरू करून दिला. व्हेनिसच्या सुईकामाच्या महागड्या लेससारखं दिसणारं काम क्रोशाने पुष्कळ लवकर होई, आणि त्याला परदेशात गिऱ्हाईक होतं. गुलाब, पानं, शॅमरॉक, द्राक्षांचे घोस वेगवेगळे विणले जात. मग ते कापडावर उलटे टाचून त्यांच्यामध्ये जाळी विणून एकत्र केले जात. क्लोनिसच्या जाळीत दोऱ्याच्या वेढ्यांची एक छोटी गाठ असते, ती त्या गावाच्या नावानेच ओळखली जाते. एकेका घराची स्वतःची आकृती असे आणि ती शेजाऱ्यांपासून जपली जाई, असं तिथे सांगतात. हे समजण्यासारखं आहे. घरात दुसरं काही नसताना पानाला दिलेलं एक खास वळण हीच मालमत्ता होती. उसवता येणाऱ्या दोऱ्यावर भाकरी आली, घरभाडं गेलं, आणि कितीकांच्या अमेरिकेच्या जहाजाचं तिकीटही निघालं.

आपल्याकडचा दाखला आंध्र प्रदेशातल्या नरसापूरचा. गोदावरीच्या काठच्या या भागात १९व्या शतकात मिशनऱ्यांनी लेसकाम आणलं आणि ते वाढत वाढत निर्यातीचा मोठा धंदा झालं. अलीकडे नरसापूरच्या क्रोशे लेसला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथल्या बायकांच्या कामाचा अभ्यास करून १९८२ साली ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ हे पुस्तक लिहिलं. त्यात दिसतं ते असं. काम वाटून दिलेलं. कोणी फुलं विणायची, कोणी ती जोडायची, आणि पूर्ण झालेला मेजपोस कोणत्या देशात कोणाच्या टेबलावर गेला ते कोणालाच ठाऊक नाही. मजुरी नगावर. दिवसाचे कित्येक तास या कामात जात, तरी त्यांना कामगार म्हटलं जात नसे. त्या गृहिणी, आणि त्यांचं काम म्हणजे फावल्या वेळातला उद्योग. एकदा काम ‘फावल्या वेळातलं’ ठरलं की त्याला पुरती मजुरी देण्याची गरज उरत नाही. मीस यांचा मुद्दा हाच होता, की ‘गृहिणी’ या एका शब्दाने मजुरी खाली ठेवता येते.

आता आपले दोन धागे एकत्र येतात. यंत्राला जे जमत नाही ते या हातांना जमतं. म्हणजे बाजाराच्या साध्या नियमाने ते महाग असायला हवं. पण होतं उलटंच. का? आमच्या मते याचं एक कारण आपण ज्ञान कशाला म्हणतो यात आहे. जे सांगता येतं, लिहिता येतं, परीक्षेत विचारता येतं ते ज्ञान. आणि बोटांना जे कळतं तो नुसता सराव, फार तर नाद. गिल्बर्ट राईल याने १९४९ साली ‘द कॉन्सेप्ट ऑफ माइंड’मध्ये या समजुतीवर हल्ला केला. एखादी गोष्ट कशी करावी हे जाणणं म्हणजे आधी मनात नियम म्हणायचा आणि मग हाताने पाळायचा, असं नसतं, हे त्याने दाखवलं. हुशारीने केलेली कृती हीच हुशारी असते. पानाचं टोक वळवण्यासाठी लांब खांब कुठे घालायचा हे ज्या बाईला क्षणात कळतं, ती विचार करत नसून फक्त विणते आहे, असं म्हणणं म्हणजे विचाराची जागा चुकीची सांगणं. तिचा विचार सुईच्या टोकाशी चाललेला असतो.

आपल्या घरांतही हे घडतं. ‘हिला वेळच वेळ आहे, म्हणून विणत बसते’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे, प्रेमानेच म्हटलेलं. त्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण हिशेब करून बघावा. समजा सरावलेल्या हाताला थरांचा एक गुलाब विणायला अर्धा तास लागतो. चाळीस गुलाबांच्या शालीला नुसत्या फुलांचे वीस तास झाले. पानं, जाळी, जोडणी आणि उसवलेलं सगळं वेगळंच. हा आकडा डोळ्यासमोर ठेवून मग दुकानातल्या झगझगीत दिव्याखालची किंमतीची चिठ्ठी वाचावी. कमी किंमत दिसली की ती कोणाच्या तरी तासांतून वजा झालेली असते. यंत्राने स्वस्त केलं म्हणून ते स्वस्त झालं, हे उत्तर इथे देता येत नाही.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतील निवडक भाग)

प्रश्न: आम्ही छापील नमुन्यावरूनच विणतो. आमचं काम खालच्या दर्जाचं समजायचं का?

उत्तर: मुळीच नाही. गाण्यात बंदिश ठरलेली असते, म्हणून गायक विचार करत नाही असं आपण म्हणतो का? नमुन्यात टाक्यांची संख्या लिहिलेली असते, ताण लिहिता येत नाही. दोरा जाड निघाला, सुई बारीक निघाली, तर नमुना गप्प बसतो आणि तुमचाच हात निर्णय घेतो. शिवाय मुक्त विणणारे बहुतेक जण आधी पुष्कळ नमुने विणलेलेच असतात. फरक असलाच तर प्रमाणाचा आहे.

प्रश्न: ज्यांना साखळी आणि खांब येतात त्यांनी मुक्त विणकाम कुठून सुरू करावं?

उत्तर: एकाच जाडीचा सुती दोरा घ्या. पाच फुलं आणि दहा पानं विणा, पण कोणतीही दोन सारखी नकोत. एखाद्या पानाला लांब खांब जास्त घाला, एखाद्याला एका बाजूलाच घाला. जुन्या चादरीच्या तुकड्यावर हवा तो आकार पेन्सिलीने काढा, फुलं-पानं त्यावर पालथी टाचा आणि तास-दोन तास तशीच राहू द्या. जाता-येता बघा, एक-दोन जागा बदला. मग साखळ्यांनी एकेक टोक जोडत जा. जोडणीचा टाका फक्त फुलापानांच्या कडेतून न्या, खालच्या कापडात अडकवू नका. शेवटी टाचण्या काढल्या की कापड सुटतं. पोकळ जागा भरण्याची घाई करू नका. जाळी मोकळी राहिली तरच फूल दिसतं.

प्रश्न: आमच्या मुलीने क्रोशाची फुलं विकायला सुरुवात केली आहे. लोक म्हणतात, दोऱ्याचा खर्च तो केवढा, एवढी किंमत कशी? तिने काय सांगावं?

उत्तर: तिला एक वही करायला सांगा. दर फुलापुढे लागलेली मिनिटं लिहायची, उसवलेल्या कामाचीही. महिन्याभराने तिला स्वतःलाच सरासरी कळेल. मग तासाला किती रुपये घ्यायचे ते तिने ठरवावं, आणि निदान किमान वेतनाच्या खाली जाऊ नये. दोऱ्याचा खर्च त्यात वेगळा मिळवावा. कोणी विचारलं तर वही उघडून दाखवावी. दोरा किती रुपयांचा हे गिऱ्हाइकाला ठाऊकच असतं, त्याला ठाऊक नसतात ती मिनिटं.